लॉजचा गुण्या आणि ताईचं कपाट

बोळिंज, मंगळवार

तीर्थरूप रमेशदाजी,

शत्रुघ्नचा नमस्कार. तुमचा गुडघा, ताईचं पित्त आणि वाडीतल्या केळी या तिघांची प्रकृती बरी असेल असं धरून चालतो. हे व्हॉट्सॲपवर कळवलं असतं, पण तो फोन ताई आधी बघते. पत्र निदान दडवता येतं.

मी फ्रीमेसन झालो हे तुम्हाला ठाऊक आहे. (आमच्या सभेला लॉज म्हणतात. ताईला वाटलं तसलं लॉज नव्हे, तिथे कोणी मुक्कामाला येत नाही.) मंडळी डॉक्टर, वकील, निवृत्त इंजिनीअर. मी सातवी पास गवंडी, पण त्या हॉलमध्ये प्रत्यक्ष वीट लावलेला माणूस मी एकटाच. आत घेताना डोळ्यांवर पट्टी, विजारीचा डावा पाय गुडघ्यापर्यंत वर, एका पायात सपात आणि अंगावर धातूचा कणही नाही. (माझी चांदीची अंगठी साबण लावूनही निघेना, म्हणून विधी अकरा मिनिटं थांबला. हे सगळं गुपित आहे, वाचून विसरा.) देव मानतोस का, एवढं विचारतात. कुठला, ते विचारत नाहीत. गीता, बायबल, कुराण एकाच टेबलावर शेजारी शेजारी. मला ते फार आवडलं. आणि नंतरची पंगत! ज्या डॉक्टरच्या दवाखान्यात मी दोन तास ताटकळतो, तो स्वतः मला 'बंधू, अजून एक तुकडी घ्या' म्हणून सुरमई वाढतो.

तर मुद्दा. आमच्याकडे काटकोन तपासायचा गुण्या, ओळंबा, पाणसळ या गवंड्याच्या हत्यारांना फार मान. पण त्याने भिंत नव्हे, स्वतःचं वागणं मापायचं. ठीक आहे, मापू. पण माप आधी खरं नको? गेल्या शनिवारी पंगतीपूर्वी मी लॉजच्या पितळी गुण्याला पिशवीतला माझा गुण्या लावून उजेडात धरला. टोकाला एक सूत (इंचाचा आठवा भाग) फट! पंगतीत मी ते स्पष्ट सांगितलं. सगळ्यांचे घास थांबले. फक्त इंजिनीअर सुमेध चटणी घेत म्हणाला, "शत्रुघ्नभाऊ, तुमचा कधी उलटून बघितलात का?"

मी म्हटलं, "बावीस वर्षं बोळिंजपासून गासपर्यंत याच्यावर घरं उभी केलीत. हा उलटायचा नसतो."

"मग लॉजचा शंभर वर्षांचा कसा चुकला, त्याला विचारू?"

हशा पिकला. वाढणारासुद्धा हसला.

येत्या शनिवारी मला तीनपैकी दुसरी पदवी मिळायची आहे. पण सुमेध माफी मागेपर्यंत मी त्या दारात पाय ठेवणार नाही, राजीनामा लिहून तयार आहे. (खरं सांगू? नातं नसताना मला भाऊ म्हणणारी माणसं या वयात तिथेच भेटली. पण स्वाभिमान म्हणून काही चीज आहे.) तुम्ही एकच करा. तुमचं स्वयंपाकघर मी बांधलं. त्याचे चारही कोपरे काटकोनात आहेत, असा सही-शिक्क्याचा दाखला पाठवा. सोसायटीच्या सेक्रेटरीचा शिक्का चालेल. ओट्याखालचं कपाट आपोआप उघडतं त्याचा उल्लेख नको. तो वास्तुदोष आहे, मी तेव्हाच सांगितलं होतं. दोन शांती झाल्याच आहेत, तिसरीही उरकून घ्या.

तुमचा मेहुणा,
शत्रुघ्न (बंधू, पहिली पदवी)

ता.क. : पाकीट चिकटवण्याआधी, केवळ सुमेधचं तोंड बंद करावं म्हणून, प्लायवूडच्या सरळ कडेला गुण्या लावून रेघ मारली. मग उलटून दुसरी मारली. दोन्ही रेघा एकमेकींवर यायला हव्यात. वरच्या टोकाला दोन सूत अंतर पडलं. उलटल्यावर चूक दुप्पट दिसते, म्हणजे चूक एक सूत, आणि ती लॉजची नव्हे. पाच वेळा करून पाहिलं. दाखला पाठवू नका. राजीनामा फाडला. शनिवारी पंगतीत सगळ्यांसमोर सांगणार आहे, सुमेधच्या शेजारी बसून.

ता.क. २ : तिसऱ्या शांतीच्या भटजींना नको म्हणा. रविवारी नवा गुण्या, बिजागऱ्या आणि पाचर घेऊन येतो. त्या वेळी ताईला तासभर निर्मळला देवळात न्या. ती फोनवर "शत्रू, कपाट परत उघडलं रे, कोन उघडतं?" म्हणाली, तेव्हा मी "आपले पितर" असं सांगून बसलोय, आणि तेव्हापासून ती त्या कपाटापुढे रोज नैवेद्य ठेवते. लॉजला खरं सांगायला दुसरी पदवी पुरेल. ताईला सांगायला तिसरी लागेल.