आईच्या चौकड्यांसाठी प्रोसेसर

अण्णा, व्हिडिओ कॅमेऱ्यापुढे माणसांनी हलायचं असतं, हे तुम्हाला कुणीच कसं सांगितलं नाही? पलटणीतून निवृत्त होऊन आलात, कॅमेरा आणलात आणि आईला साताऱ्याच्या घराच्या पायरीवर उभं करून हुकूम सोडलात, "हलू नगंस, फोटू बिघडंल." कोयनेचा घाट मात्र एसटीच्या खिडकीतून अख्खा टिपलात. झाडं पळतायत आणि आई थिजलीय. तिचं हलतं चित्र म्हणून जगात तेवढंच आहे, आणि त्यात ती हलत नाही. कॅसेटना बुरशी धरली होती. एकाने त्या साफ करून संगणकावर उतरवून दिल्या आणि बजावलं की आता त्या पुन्हा चालायच्या नाहीत. उतरवलेल्या फाइली इतक्या अवजड की ताईच्या फोनवर जाईनात. त्या लहान करायच्या, म्हणजे एन्कोडिंग करायचं, तर माझा जुना संगणक मध्येच बंद पडायचा. म्हणून नवा प्रोसेसर घ्यायला मी सांगली गाठली.

दुकानदार म्हणतो, "काकू, भजनं बघायला साधा लय झाला." मी म्हटलं, "मी भजनं बघते असं कुणी सांगितलं?" "मग नातू गेम खेळतोय व्हय?" "नातू नाही मला. असता तर त्याने प्रश्न तरी पूर्ण ऐकला असता." तुम्ही मला नन्सच्या शाळेत घातलंत, तिथे मध्येच तोंड घालणाऱ्याला बाकावर उभं करत. इथे हा माणूस ग्राफिक्स कार्ड विकायच्या मागे लागला. "ह्ये चुटकीसरशी करतंय बघा." मी आईचा सुरुवातीचा छोटा तुकडा पेन ड्राइव्हवर नेला होता, तो करायला लावला. झाला चुटकीसरशी. आईच्या इरकली लुगड्याच्या बारीक चौकड्या पुसलेल्या, चेहरा मेणाचा. मग तोच तुकडा, फाइल तेवढ्याच आकाराची ठेवून, जास्त कोअरच्या, म्हणजे एका वेळी जास्त कामं उचलणाऱ्या प्रोसेसरवर सावकाश करायला लावला. चौकड्या आल्या. "एवढ्याशा चौकड्यांचं काय करणार, काकू?" "नेसणार आहे." मी तोच प्रोसेसर घेतला.

घरी काम लावलं. एन्कोडर मागच्या चित्रापेक्षा पुढच्या चित्रात जे बदललं, बहुतेक तेवढंच साठवतो. घाटातल्या पानापानाशी तो झगडला, आणि आईपाशी आला तसा पडद्यावरचा वेगाचा आकडा भराभर वाढला. तिच्यात नवं काही नाहीच म्हणे. तुमच्यावर इतकी चिडले की उठून जाणार होते. तेवढ्यात आकडा घसरला. इतक्या पुढपर्यंत मी ते कधी पाहिलंच नव्हतं, थिजलेली आई बघवायची नाही म्हणून दरवेळी मध्येच बंद करायचे. पडद्यावर बघते तर आई एका पायावर नाचतेय, इरकलीचा घोळ मुठीत, आणि हसतेय. "आवं, मुंगी चावली. तुमचा फोटू गेला चुलीत." मागून तुमचा आवाज, "हाललीस की गं. बिघडला." आणि कॅमेरा बंद.

तुम्हाला हे पत्र पाठवता येत नाही. ताईला पाठवता येतं, पण तिला मी फक्त घाट पाठवलाय. हा तुकडा अजून नाही. थोडे दिवस तो माझ्या एकटीचा राहू दे.