नळीचं दुसरं टोक

नोएडा, सेक्टर १०
रविवार, १४ मे १९९५

प्रिय रेवतीताई,

तीन आंतर्देशीय पत्रं आणली होती. एकावर चहा सांडला, एकावर पंक्चरवाल्याचा पत्ता लिहिला. खरं सांगतो, टाळत होतो. पुण्यात तुझ्या सासूबाईंचा गुडघा कसा आहे? इथे डांबर चपलेला चिकटतंय. समोरच्या शेतात काचेचं ऑफिस उभं राहिलंय आणि म्हशी त्यात आपली तोंडं बघत बसतात. बघण्यासारखं असतं, यार!

तू विचारलंस, "हे वेळेवर जेवतात ना?" भावोजी जेवतात. मलाच जेवण जात नाही. वासामुळे.

भावोजींनी मला नोकरीला चिकटवलंय त्या कारखान्यात त्यांचंच यंत्र आहे. काचेची लांब नळी, आत शेवयांसारखे पोकळ धागे. धाग्यांतून पातळ खाऊ वाहतो, बाहेर झिरपतो. धाग्यांना चिकटलेल्या पेशी तो खातात आणि औषधाचा रस सोडतात. जास्त पेशी मावाव्यात म्हणून भावोजींनी नळी दुप्पट लांब केली. आता पुढच्याच सगळं फस्त करतात, शेवटच्या उपाशी मरून सडतात. परवा ते टोक उघडलं, तर काळपट शेंबडासारखं हातावर आलं. साबण झाला, लिंबू झालं, हात अजून ताटाजवळ नेववत नाही.

करोल बागेच्या गणपतीत आपले दादा पंगत दोन्ही टोकांनी वाढायला लावायचे, आठवतं? मी भावोजींना तेच म्हटलं, थोडा वेळ इकडून वाढा, थोडा वेळ तिकडून.

"माहीत आहे मला, केतन. नळीही आखूड करायला हवी. पण पाहुणे सोमवारीच येतायत."

पाहुणे म्हणजे औषध कंपनीवाले. हा रस लहान मुलांच्या औषधात जाणार, मेलेल्यांच्या घाणीसकट.

आता जे लिहायचं नव्हतं ते. पाहुण्यांना दोन्ही टोकांचा रस दाखवायला भावोजींनी मला दोन बरण्या दिल्या. "दोन्ही पुढच्या टोकातून भर. एकीवर 'शेवटचं टोक' अशी चिठ्ठी लाव." बिल्कुल शांतपणे, वरण वाढ म्हणावं तसं. त्या शेंबडाचीसुद्धा एवढी किळस आली नव्हती, ताई.

मी दुसरी बरणी खऱ्या टोकातून भरली. खोलीवर आणलीय. उद्या ती पाहुण्यांसमोर टेबलावर ठेवली, तर तुझ्या घराचं काय होईल? पत्र पोचेपर्यंत सगळं होऊन गेलेलं असेल. म्हणूनच आज लिहायला धजावलो.

थांब, खाली कोणीतरी ऑटोवाल्याशी भांडतंय. गॅलरीतून बघून आलो.

ताई, तू!

"केतन, घराला कुलूप आहे रे! ये खाली, ही हापूसची पेटी उचल. उद्या यांच्या पाहुण्यांना आमरस वाढायचाय!"

मला हे तोंडाने सांगता येणार नाही. वर आलीस की दिसेल असं पत्र बरणीखाली ठेवतो, झाकण काढतो आणि पेटी उचलायला येतो.

तुझा,
केतन