घरी आणलेली गरम खाट

सेक्टर १०, भिलाई

ती. गयाबाईस,

तुझ्या धाकट्या भावाचा, चिंधूचा, वाकून नमस्कार (हो, आता वाकता येतं). तुझे गुडघे काय म्हणतात? फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून पत्र लिहितो. नातीला, समीक्षाला, मोठ्याने वाचायला लाव.

माझी पाठ आखडली होती, हे तुला ठाऊकच. सगळी नोकरी रेल मिलमध्ये गेली, त्यात तुझी भावजय गीता गेल्यापासून घरातल्या बादल्याही मीच उचलतो. सुखरामने (माझ्या शिफ्टमधला, उतईचा) मला बाजारातल्या एका केंद्रात नेलं. तिथे गरम खाटा आहेत. आपण उताणं पडायचं आणि पाठीखालून रोलर मानेपासून कमरेपर्यंत फिरतात. जन्मभर तापलेले रूळ रोलरवरून जाताना पाहिले, आता मीच रूळ झालो! फुकट असतं, फक्त नंबर लावायचा. नंबर येईपर्यंत आम्ही रिटायर मंडळी बसून असतो. कोणाची साखर वाढली, कोणाची सून रुसली, सगळं कळतं. पाठ आठवड्याभरात मोकळी झाली (तरी मी जात राहिलो).

आता माझा मूर्खपणा ऐक. तिथे कोणी खाट विकत घेतली की त्याला हार घालतात आणि सगळे उभं राहून टाळ्या वाजवतात. निवृत्तीच्या समारंभानंतर माझ्यासाठी कोणी टाळी वाजवली नव्हती. शेजारच्याला वाजल्या आणि माझा हात आपोआप वर गेला. गळ्यात हार, टेम्पोत खाट, असा नवरदेवासारखा घरी आलो. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा केंद्रात गेलो, तर सुखराम म्हणतो, "तू कावून आला बे? तुह्या घरी तं खाट हाय!" केंद्रातली नीतू मॅडम गोड हसून म्हणाली, "अंकल, अब आपका नंबर नहीं लगेगा।" तिचा काय दोष, नियमच तसा आहे.

तेव्हापासून घरी एकटाच शेकत पडतो. वेळ संपली की खाट बाईच्या आवाजात "कृपया धीरे से उठिए" म्हणते. मी "हो, उठतो" म्हणतो. कधी कधी दिवसभरात तेवढंच बोलणं होतं. मला अजिबात करमत नाही, बाई.

समीक्षाला आशीर्वाद.

तुझा,
चिंधू

ता. क. (हे समीक्षाला वाचायला देऊ नको.) नव्या पेशंटसोबत घरच्या एका माणसाला केंद्रात बसू देतात. तू ये आणि पाठ दुखते म्हणून सांग. थोडं कण्हावं लागेल.

पुन्हा ता. क. खोटं बोलायला जिवावर येत असेल तर राहू दे, नुसती ये. गोंदियाहून कोणती गाडी धरशील ते नाही कळवलंस तरी चालेल. दुर्ग स्टेशनवर मी रोज सकाळपासून बसलेलाच असेन.