माझ्या वाटेने निघालेला

४ जानेवारी १९७०

पोचले एकदाची फू नोकला, लाओसच्या पार डोंगरात! विमान एवढंसं, त्यात मी, तांदळाची पोती आणि डुकराची दोन पिल्लं. धावपट्टी डोंगराच्या माथ्यावर, तीही चढणीची. उतरताना पिल्लं माझ्याआधी किंचाळली म्हणून माझी अब्रू राहिली.

चुआताई न्यायला आल्या होत्या. त्या इथल्या मुख्य परिचारिका, हर् कुळातल्या. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "थाओ कुळातली ब्लिया ती हीच होय? आधी भात खा बाई, नाहीतर हेलिकॉप्टर आलं की वाऱ्यानं दरीत जाशील." मग स्वतः ताट वाढलं. उकडलेला मोहरीचा पाला, डुकराची चरबी, मिरची. वार्‍याने नाही, तिखटाने उडाले.

दवाखाना म्हणजे पत्र्याचं छप्पर घातलेली लांबच लांब दोन घरं. जखमी बहुतेक आपलेच, ह्मोंग. प्रत्येकाच्या खाटेशी त्याचं अख्खं कुटुंब मुक्कामाला. चूल, टोपली, पोरं, खाटेच्या पायाला बांधलेली कोंबडी. अमेरिकन डॉक्टर चालताना कोंबड्यांना "माफ करा" म्हणतो. त्याला लाओ भाषा येते, पण पाच वर्षांच्या मुलासारखी.

पांढरा गणवेश घालून आरशात पाहिलं. आई इथे असती तर कौतुक करण्याआधी म्हणाली असती, पांढरे कपडे मळतात गं.

९ जानेवारी

हात बसला. आज कोणालाच सुई दुसऱ्यांदा टोचावी लागली नाही. एक सार्जंट मला म्हणाला, शत्रूपेक्षा तुमचा नेम बरा.

त्सोंगकाकांशी ओळख झाली. नातवाचा पाय गेलाय, त्याच्या सोबतीला आलेले आहेत. पण खरं तर सगळा वॉर्ड त्यांना धरून आहे, कारण ते वाट गातात. कोणी गेलं की काका त्याच्या उशाशी बसतात आणि त्याला परतीची वाट सांगतात. इथून आधीच्या गावाला, तिथून त्याच्या आधीच्या, असं करत थेट जन्मघरापर्यंत. तिथे त्याची जन्माच्या वेळची वार पुरलेली असते. मुलाची मधल्या खांबाखाली, मुलीची आईवडलांच्या खाटेखाली. माणसाचा पहिला अंगरखा तोच. तो अंगावर घातल्याशिवाय पूर्वजांच्या दारात कोणी उभं करत नाही. वाटेत प्रत्येक गावाचा निरोप घ्यायचा, तुमचं पाणी प्यालो, तुमचं लाकूड जाळलं, आता निघतो, अडवू नका.

लहानपणापासून ऐकलेलं आहे. पण इथे ते इतक्यांदा ऐकावं लागतं की काम करता करता माझेच ओठ हलतात.

१७ जानेवारी

काल एक जण आला. गळ्याला जखम, कपडे फाटलेले, ओळखीची काही खूण नाही. ज्या तुकडीने आणला त्यांनाही तो वाटेतच सापडलेला. डॉक्टर म्हणाला, रक्त द्या, नाहीतर संध्याकाळ बघणार नाही. सगळा वॉर्ड खाली बघायला लागला. आपल्यात रक्त कोण देतं? गेलेलं रक्त पुन्हा भरत नाही, असंच सगळे धरून चालतात. चुआताईंनीसुद्धा मान वळवली.

मी शिकलेली आहे. माझा गट चालतो हे मला माहीत होतं. बाही वर केली आणि शेजारच्या खाटेवर आडवी झाले. बाटली भरली, त्याला लावली. थोड्या वेळाने त्याच्या ओठांना रंग आला आणि त्याने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. आभार मानल्यासारखं नाही. मला पाठ करून ठेवत असल्यासारखं.

आज दुपारी गेला.

काका येऊन बसले, पण गायले नाहीत. नाव नाही, कूळ नाही, जन्मगाव नाही. कोणाची वाट गाऊ, म्हणाले. मग विचारलं, याच्या अंगात रक्त कोणाचं? मी सांगितलं. ते उठून गेले. आम्ही त्याला हिरव्या घोंगडीत गुंडाळून उतारावर पुरलं.

२६ जानेवारी

डॉक्टर खूश. माझं बघून तिघांनी रक्त दिलं. त्याने सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या, मला लाजेने पळावंसं वाटलं.

फक्त थंडी वाजते. दुपारच्या उन्हातसुद्धा. सार्जंट म्हणतो, "ताई, हात आहेत का झऱ्यातले धोंडे? आधी चुलीवर शेका, मग पट्टी सोडा." सगळे हसले. मी पण.

३ फेब्रुवारी

पालिया आली, इथेच कामाला! खालच्या नदीकाठच्या गावात आम्ही एकत्र परिचर्या शिकलो. विमानातून उतरल्याबरोबर गळ्यात पडली आणि म्हणाली, "चोरटे, लग्न ठरवलंस आणि मला सांगितलं नाहीस?"

मला कळेना. ती म्हणाली, आमच्या शाळेत एक जवान आला होता. गळ्याला पट्टी, अंगावर हिरवी घोंगडी, चेहरा पिठासारखा. ब्लिया थाओ कुठे झोपायची ते विचारलं. मुलींनी चेष्टा करत खाट दाखवली. त्याने खाटेवर हात ठेवला आणि शांतपणे म्हणाला, "इथलं पाणी ब्लिया प्याली, इथलं लाकूड ब्लियाने जाळलं. आता निघतो, अडवू नका." पोरी हसून हसून लोळल्या म्हणे.

हिरवी घोंगडी मीच गुंडाळली होती. तरी म्हटलं, कोणीतरी वात्रट असेल.

मग पालिया जुन्या गोष्टी काढून बसली. आमच्या बाई होडीतून पाण्यात पडल्या होत्या ती, आम्ही दोघी एका मच्छरदाणीत झोपायचो ती. मी हसत राहिले. मला त्यातलं काहीच आठवत नाही. ती खोली, ती नदी, त्या बाईंचं तोंड. नुसती पालिया आठवते, विमानातून उतरलेली, त्याच्या आधीची नाही.

४ फेब्रुवारी

काकांकडे गेले. ते नातवाचा उरलेला पाय चोळत होते. ऐकून घेतलं आणि चोळता चोळताच बोलले. त्याला स्वतःची वाट कोणी सांगितली नाही. मेलेला माणूस चालल्याशिवाय राहत नाही. अंगात जे रक्त आहे त्याला जी वाट ठाऊक, तीच तो धरणार.

म्हणजे माझी.

मी विचारलं, शेवटी काय? काका म्हणाले, शेवटी आईच्या खाटेखाली. तो तुझा अंगरखा घालून तुझ्या पूर्वजांकडे जाईल. ज्या गावाचा त्याने निरोप घेतला, त्या गावाला तू उरली नाहीस आणि तुला ते.

मी म्हटलं, काका, मी शिकलेली आहे. ते म्हणाले, हो पोरी, म्हणून तर दिलंस.

१० फेब्रुवारी

त्याचं नाव शोधते आहे. जो जखमी येतो त्याला विचारते. गळ्यावर जखम, पंचविशीचा, उजव्या भुवईत खाच. कोणालाच माहीत नाही. त्याला उचलून आणलेल्या तुकडीतला एक जण खाटेवर होता, त्याला ताप चढलेला. तो म्हणाला, ताई, आम्ही बारकाईने कोणाची तोंडं बघतो का? जो हलतो तो उचलतो.

नाव मिळालं तर काका गातील. तेवढंच हवं आहे. एक नाव, एक गाव.

कामात चुका होतात. चुआताई ओरडल्या. मग जवळ येऊन माझ्या मनगटाला जीव बांधून ठेवायचा पांढरा दोरा बांधला आणि पुढच्या खाटेकडे गेल्या.

१५ फेब्रुवारी

लोकांचे लोंढे येताहेत. पलीकडची गावं रिकामी होताहेत. आज एक बाई भाजलेल्या पोराला घेऊन आली आणि मला बघून हंबरडा फोडला. "ब्लिये! अगं माझी ब्लिया!"

मी त्यांना ओळखलं नाही.

पालिया म्हणाली, ही तुझी काकू. खांग पो गावची. शाळेसाठी तू हिच्याच घरी वाढलीस, तूच सांगितलं होतंस मला.

काकू पोराला पट्टी बांधून होईपर्यंत बोलत होती. तुझा माणूस येऊन गेला गं. आम्ही सामान बांधत होतो. सरळ आत आला, वाकून, दाराची चौकट ठेंगणी आहे हे ठाऊक असल्यासारखा. मला "भोपळेकाकू" म्हणाला. ते तर तू ठेवलेलं नाव! झऱ्यावर जाऊन पाणी आणून दिलं, वाट विचारली नाही. चुलीशी बसला आणि पाण्याचे, लाकडाचे आभार मानले. मला रडू आलं, म्हटलं, किती गुणी.

मी विचारलं, चेहरा पिठासारखा होता का?

नाही गं, म्हणाली. चांगला तांबूस होता. जखम भरत आली होती, पट्टी नुसती नावाला.

काकू माझा हात सोडत नव्हती. मी सोडवून घेतला. परक्या बाईने धरल्यासारखं वाटलं. देवा.

१७ फेब्रुवारी

लिहायला नको वाटतं. पण लिहिते.

आज एक पोरगेला शिपाई आला, पोटात गोळी. रक्त हवं होतं. पालिया पुढे झाली, बाही वर केली. मी तिचा हात पकडला. डॉक्टर ओरडत होता. मी तिला ओढत दाराबाहेर नेलं आणि सोडलंच नाही. ती म्हणत होती, "सोड, अगं मरेल तो!" मला फक्त एवढंच दिसत होतं की हाही पालियाच्या वाटेने निघेल.

दुसऱ्या कोणाचा गट जुळेपर्यंत तो गेला.

त्याची आई होती तिथे. काका त्याची वाट गायले. नीट, गावागावातून. ती आई ऐकता ऐकता माझ्याकडे बघत होती. पालिया माझ्याशी बोलत नाही.

१८ फेब्रुवारी

घसा दुखतो. उजव्या बाजूला. चुआताईंनी बॅटरी लावून पाहिलं, काही नाही म्हणाल्या.

आता फक्त पुंग लो उरलं. आईचं घर. आई एकटी आहे तिथे.

काकांना म्हटलं, काहीतरी सांगा. ते म्हणाले, तो पोचायच्या आत आईने खाटेखालची माती उकरून तुझ्याकडे आणली तर बघू. आजवर कोणी केलेलं नाही. मलाही माहीत नाही.

हेलिकॉप्टर त्या बाजूला जाणार होतं. त्यातल्या एका ओळखीच्या जवानाला निरोप दिला. आईला सांग, खाटेखालची माती फडक्यात बांधून घे आणि ताबडतोब निघ. गळ्याला पट्टी असलेल्या माणसाला दारात उभं करू नको. त्याने दोनदा म्हणून दाखवलं.

२३ फेब्रुवारी

जवान परतला. निरोप पोचला. आई त्याच दिवशी निघाली.

डोंगरापलीकडे तोफा. आई चालत येते आहे. गुडघा दुखतो तिचा —

आवाज बसला. कुजबुजता येतं फक्त.

२५ फेब्रुवारी

सगळ्यांना हलवणार. जखमी आधी. काका आणि नातू आज गेले. जाताना काकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि पटकन काढून घेतला.

चुआताई म्हणाल्या, तू पण चल. मी मान हलवली. आई इथे येणार आहे. मी नसेन तर —

आवाज अजिबात नाही. तोंड उघडते, हवा येते.

२७ फेब्रुवारी, सकाळ

धुकं. सगळे धावपट्टीवर. वॉर्डात मी एकटी.

आईचं घर आठवते आहे. मुद्दाम. दळायचं जातं. मक्याची कणसं टांगलेली. खाट. आईच्या हाताला निळीचा वास. हे सगळं आहे. अजून आहे.

दुपार

आई आली!

दारात उभी, चिखलाने भरलेली, हसते आहे. मला घट्ट धरलं. निळीचा वास. मी रडते, आवाज नाही. ती म्हणते, सर्दी झाली का, आलं उकळून देते.

बोलायला येत नाही म्हणून लिहिते. तिला दाखवीन —

ती बोलतेच आहे. खिंडीत पाय मुरगळला, बसून राहिले, म्हटलं संपलं आता. तेवढ्यात एक पोरगा आला. देवमाणूस. टोपली पाठीवर घेतली, मला हाताला धरून इथवर आणलं. तू बजावलं होतंस ना, मी आधी गळाच पाहिला त्याचा. पट्टीबिट्टी काही नाही गं. स्वच्छ गळा. गालावर लाली. भुवईत जरा खाच आहे, एवढंच.

टोपली कुठे आहे, आई

तिच्यासमोर वही धरली. मोठ्या अक्षरात. टोपली त्याच्याकडून घे. ती अक्षरांवरून बोट फिरवते, म्हणते, किती सुरेख लिहितेस —

आईला वाचता येत नाही.

खुणा केल्या. पाठीवर. टोपली. ती म्हणते, हो हो, त्याच्याकडेच आहे, माती पण त्यातच, काळजी करू नको. बाहेर उभा आहे, लाजतो. आत बोलावते, दमलाय बिचारा, भात —

धरून ठेवलं तिला. ती हसते, सोड म्हणते. पालिया, कोणीतरी, पालिया

तो बोलतो आहे. दाराबाहेर. माझ्या आवाजात. माझाच आवाज. इथलं पाणी ब्लिया प्याली. पुंग लोचं पाणी ब्लिया प्याली, लाकूड —

जातं. कणसं. खाट. जातं आणि

जातं आणि

एक म्हातारी माझा हात धरून बसली आहे. चिखलाने भरलेली. कोणा जखमीची आई असेल. मला कसल्यातरी नावाने हाक मारते, रडते. सांगायला हवं, सगळे धावपट्टीवर आहेत, तिथे जा. बाहेर कोणीतरी टोपली खाली ठेवली. ती उठली. दाराशी जाऊन त्याला म्हणते आहे, ये रे बाळा, आत ये, ही बघ माझी