आधी जेवून घे

प्रिय दादा,

साष्टांग नमस्कार डॉक्टरांनी सहा आठवडे बंद ठेवला आहे, म्हणून खुर्चीतूनच हात जोडते. तुझा गुडघा कसा आहे? वहिनीने तुला जिने चढायला लावणं थांबवलं की नाही? (नसेल थांबवलं, तर तिचंच बरोबर आहे.) हे पत्र आईसमोर मोठ्याने वाचू नकोस, तिला यातलं काही माहीत नाही. आणि जेवणाआधी हातात पडलं असेल तर इथेच घडी घाल आणि पानावर बस. मी थांबते.

जेवलास? वाईट बातमी भरल्या पोटीच ऐकवायची, हा आपल्या आईचा कायदा तुला मी सांगायला नको. तू नापास झालास ते बाबांना सकाळीच कळलं होतं, तुला कळलं संध्याकाळी, हात धुतल्यावर. आई तिसऱ्यांदा वाढत होती, बाबा पाण्याचा पेला तुझ्याकडे सरकवत होते आणि तू बिचारा मला खुणावत होतास, बघ आज माझे कसे लाड चाललेत. तेव्हापासून कुणी आग्रह केला की तू आधी वाढणाऱ्याच्या तोंडाकडे बघतोस. वहिनीला अजून वाटतं, तो प्रेमाचा कटाक्ष आहे.

तर, मला गर्भाशयाचा कर्करोग निघाला. (निघाला, आणि काढूनही टाकला, तेव्हा ताडकन उठू नकोस, गुडघा सांभाळ.) त्या दिवशी तपासण्यांसाठी मी सकाळपासून उपाशी होते. डॉक्टरीणबाई ज्या आवाजात "बसा" म्हणाल्या, त्यावरूनच मी ओळखलं, आणि जेवून येते असं सांगून सरळ उठले. कँटीनमध्ये ताटभर जेवले. काय जेवले आठवत नाही, पण टाकलं काही नाही. परत आले तर बाई हातात पेन धरून तशाच बसलेल्या. मग त्यांनी सांगितलं आणि मी ऐकलं. ऐकता आलं, दादा.

तुझ्या मेहुण्याला सांगायला मात्र चार दिवस गेले. रोज त्याच्या आवडीचं करायचे, रोज आग्रह करायचे, आणि तो हात धुऊन आला की माझ्याच तोंडाला कुलूप. पाचव्या दिवशी त्याने ताटावर हात आडवा धरला. म्हणाला, "आता सांगून टाक. याहून जास्त मावत नाही." मी सांगितलं. उठून त्याने सगळी भांडी घासली, मग फडताळातली धुतलेलीही काढून घासली.

ऑपरेशन नीट झालं. गर्भपिशवीच काढली, रोग तिच्याबाहेर गेलेला नाही, आता दर तीन महिन्यांनी हजेरी लावायची. भरल्या किटलीपेक्षा जड काही उचलायचं नाही, म्हणून तुझ्या भाचीने स्वयंपाकघरातला वजनकाटा ताब्यात घेतला आहे. सतरा वर्षांची आहे, पण आम्ही तिला हवालदार म्हणतो. परवा मी मांजर उचललं तर पंचनामा झाला. एकदा मी तिला हळूच विचारलं, तुला वाईट वाटलं का गं? काट्यावरची नजर न काढता ती म्हणाली, "माझी पहिली खोली होती ती. रिकामी करताना मला विचारलंसुद्धा नाहीस." टाक्यांवर उशी दाबून मी हसले. मग तीच उशी तोंडावर घ्यावी लागली.

दिवसभर पडून असले की आपलं जुनं स्वयंपाकघर डोळ्यांसमोर येतं. आपण दोघं ताटावर, बाबा दाराशी, आई वाढते आहे. इतक्या वर्षांत एक गोष्ट माझ्या ध्यानातच आली नव्हती. बातमी तिला तर आधीच कळलेली असायची, आणि ती सगळ्यांच्या शेवटी जेवायची.

तुझी,
धाकटी

ता. क. – खरं काम राहिलंच. आईला तू सांग. दोन महिने मी सर्दीवर भागवते आहे. फोनवर सांगावं तर समोर ताट नाही, यावं तर प्रवास बंद. तिला पोटभर वाढ, पण आग्रह करू नकोस. कायदा तिचाच आहे, लगेच ओळखेल.

पुन्हा ता. क. – पाकीट टाकायला दिलं तर हवालदार दारातच थबकली. आजीला तीन आठवड्यांपूर्वीच सगळं कळलंय म्हणे. आजीने खोदून विचारलं, आजी जेवलेली होती, म्हणून हिने सांगितलं. आता उलगडा झाला. गेले तीन रविवार आई फोनवर पहिल्यांदा "जेवलीस का?" विचारते, मी अजून नाही म्हणते, आणि ती "मग आधी जेव" म्हणून फोन ठेवून देते. मला वाटलं, वय झालं. तेव्हा तू काही सांगू नकोस. रविवारी तिला फोन जरा उशिरा लावून दे. मी अकरालाच जेवून बसते.