दुसरा रिमोट

रविवार, संध्याकाळ. नांदेड.

दादा आत्ताच लातूरला परत गेला. माझं डोकं अजून तापलेलंच आहे.

येताना त्यानं आमचा लहानपणीचा कॅसेटचा व्हिडिओ गेम आणला होता. बाजारातून कधीच गायब झालेला. आल्या आल्या त्याचं सुरू, "असली मजा आजकालच्या गेममधी न्हाई. आपलं बालपण हाय हे!"

आपलं? कॅसेटवर हजार गेम लिहिलेले, आत तेच चार फिरून फिरून यायचे. सारखी अडकायची. मग ती काढून फुंकर मारायचं काम माझं. तरी मलाही आवडायचा तो गेम. तेच तर टोचतंय.

टीव्हीला जोडला, चालला. दादानं न बघताच गेमचा दुसरा रिमोट माझ्याकडं फेकला. लहानपणी कायम माझ्या वाट्याला यायचा तोच. त्या रिमोटला गेम सुरू करायचं बटन नाही, थांबवायचंही नाही. दादाला वाटलं की सुरू, दादाला भूक लागली की बंद. शिकायला लातूरला दादा जाणार, मी नाही, हे तरी वेगळं कुठं ठरलं?

"आज पहिला रिमोट मला दे," मी म्हणाले. आवाज चढलाच असेल.

"लहानच राहिलीस बघ तू," म्हणत त्यानं दिला.

मी तो नुसता हातात धरून बसले. मुद्दाम काहीच दाबलं नाही. दादा दुसरा रिमोट उलटापालटा करून बघून राहिला होता.

"अगं, सुरू करायचं बटन कुठं हाय ह्याला?"

इतकी वर्षं त्याला हे माहीतच नव्हतं.