चौदा सुया

अण्णा, जिंतूरच्या तंबूतल्या टॉकीजमध्ये तुम्ही मला तो इंग्रजी सिनेमा दाखवलात तेव्हा मी नऊ वर्षांची होते. जुना, काळा-पांढरा. जंगलात पिंजरे मांडून बसलेला एक शास्त्रज्ञ, डोळे तारवटलेले, हातात सुई. इंग्रजी तुम्हालाही येत नव्हतं, पण आजूबाजूच्यांना ऐकू जाईल असं सांगत होतात, "डोस्कं फिरलंय त्याचं. सुई टोचायलाय. आता बघा, माणसाचं जनावर व्हतंय." आणि पडद्यावरच्या माणसाच्या हातावर खरंच केस उगवले. मी तुमच्या धोतरात तोंड खुपसलं.

त्याच पावसाळ्यात तुम्हाला पिसाळलेलं कुत्रं चावलं. बेंबीभोवती चौदा सुया, रोज एक, त्याच जिंतूरला. तुम्ही परत आलात की ताट वाढताना मी तुमचे हात निरखायची. एकदा तुम्ही पकडलंत. "शेपूट फुटलं का ते बी बघ की," म्हणालात. आई हसली. मला हसू येईना.

सातव्या दिवशी मी दवाखान्याचा कागद देवघरात महादेवाच्या वस्त्राखाली लपवला. तुम्ही घर पालथं घातलंत. शोधाशोधीत एसटी गेली.

"तूच चुलीत घातला असशील," तुम्ही आईवर ओरडलात.

"घातला असंल. ध्यानात न्हाई," ती म्हणाली.

सांजेला शेजारच्या मामी आल्या. "अवो, ते कुत्रं मेलं. सुई चुकली तर माणूस भुंकत मरतंय म्हणं." जनावर सुईनं होत नव्हतं, सुई चुकल्यानं होत होतं. मी कागद कणगीमागं टाकला आणि सापडला म्हणून ओरडले.

दुसऱ्या दिवशी विद्यापीठाच्या नामांतराच्या गडबडीनं एसट्या बंद. सुजलेल्या पोटानं तुम्ही सायकलवर टांग टाकलीत. मी दिवसभर उंबऱ्यात बसून आहे, रस्त्यावर कुत्रं भुंकलं की कानात बोटं घालते. दिवस बुडताना तुम्ही आलात, पाणी मागितलंत. पिसाळलेल्याला पाणी जात नाही, हे मामींनीच सांगितलं होतं. तांब्या रिकामा होईपर्यंत मी तुमच्या गळ्याकडं बघत राहिले.

पुढं वीस वर्षं जगलात. घरात काही हरवलं की चारचौघांत म्हणायचात, "चुलीत बघा." सगळे हसायचे. आई कधी उलटून बोलली नाही.

ती आता ऐंशीच्या पुढं आहे, वाचता येत नाही. मघाशी विचारलं, काय लिहायलीस? पोथीतलं उतरवून घेते, म्हणाले. "मग मोठ्यानं वाच की."

मी हा कागद समोर धरून पाठ असलेलं शिवाचं स्तोत्र म्हटलं. ती शेवटपर्यंत हात जोडून ऐकत होती.